माणसं ४० वरून १२० होताना कंपनीचं कल्चर नेमकं कशानं टिकतं?

जमाखर्च

सध्या ४० माणसं आहेत, दीड वर्षात १२० करायची आहेत. त्यानिमित्ताने वरून फर्मान निघालंय की 'कल्चर'वर काम करा. पाच मूल्यं ठरली, छापून भिंतीवर लागली. पुढे काय, ते कोणालाच ठाऊक नाही.

मला हिशेबातलं कळतं, म्हणून प्रश्नही तसेच. याचा धंद्यावर खरंच फरक पडतो, की नफा चांगला असला की कल्चरही चांगलं दिसायला लागतं? मोजायचं कसं? आणि सुरुवात कुठून करायची? 'आपण सगळे एक कुटुंब' छापाची उत्तरं कृपया नकोत.

---

तिसरी_घंटा

भिंतीपासून नको, फायलींपासून सुरुवात करा.

मॅनेजमेंटचे अमेरिकी अभ्यासक एडगर शाइन यांनी कल्चरचे तीन थर सांगितले आहेत. पहिला डोळ्यांना दिसणारा: कोण कुठे बसतं, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं. दुसरा तोंडाने सांगितलेला, म्हणजे मूल्यं, धोरणं, तुमची ती पोस्टरं. तिसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, पण सगळे तो धरून चालतात. 'साहेब जागेवर असेपर्यंत उठायचं नाही', 'तारीख चुकणार हे आदल्या दिवसापर्यंत सांगायचं नाही' वगैरे. दुसरा आणि तिसरा थर एकमेकांना काटत असतील तर माणसं तिसऱ्याप्रमाणे वागतात. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची जाहीर मूल्यं आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता अशी होती. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं ते हिशेबातल्या लबाडीमुळे.

तिसरा थर बघायचा तर मागच्या १८ महिन्यांतली सगळी प्रमोशनं, सगळ्यात मोठ्या पाच पगारवाढी आणि कंपनीने स्वतः काढलेली माणसं एका कागदावर घ्या. प्रत्येक नावापुढे एकच ओळ लिहा: का? अप्रेझल फॉर्मवरचं कारण नको, ते सगळ्यांचं सारखंच असतं. ज्याने निर्णय घेतला त्याला समोर बसवून विचारा. मग तो कागद पोस्टरशेजारी धरा. पोस्टरवर 'टीमवर्क' आहे आणि पाचातली चार प्रमोशनं एकट्याने रात्र जागून आग विझवणाऱ्यांना मिळाली असतील, तर नव्या माणसाला तुमचं कल्चर महिन्याभरात कळतं. यात आणखी एक चकवा आहे. आग विझवणाऱ्याला टाळ्या आणि ज्याच्याकडे आग लागतच नाही त्याला 'अपेक्षेप्रमाणे' असा शेरा, असं दोन अप्रेझलं चाललं की आगी वाढतात. मुद्दाम कोणी लावत नाही, पण काड्या उचलून ठेवायचं काम कोणी करत नाही.

दुसरी फाइल इन्सेन्टिव्हची. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेचं प्रकरण यासाठी नीट वाचण्यासारखं आहे. एका ग्राहकाच्या गळ्यात बँकेची आठ उत्पादनं मारायची, असं लक्ष्य होतं आणि शाखांवर रोजच्या आकड्यांचा तगादा. बँकेच्या कागदोपत्री मूल्यांमध्ये नीतिमत्ता होतीच. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तोपर्यंत पाच वर्षांत सुमारे ५,३०० जणांना काढलं होतं. पाच हजार माणसं एकच चूक करतात तेव्हा ती माणसांत शोधायची नसते. तुमच्याकडे प्रत्येक इन्सेन्टिव्हबद्दल एवढंच विचारा: हे लक्ष्य गाठायचा सगळ्यात सोपा चोरटा रस्ता कोणता, आणि त्या रस्त्याने कोणी गेला तर तो किती दिवसांत उघडा पडेल? उत्तर 'पुढच्या वर्षीच्या ऑडिटला' असेल तर लक्ष्य बदला.

---

उलटतपासणी

पहिल्या प्रश्नातली शंका रास्त आहे. यशस्वी कंपनीत जाऊन विचारलं तर सगळे म्हणणार आमचं कल्चर छान. तीच माणसं, तोच बॉस, पण दोन तिमाह्या तोट्यात गेल्या की 'निर्णयक्षम' बॉसचा 'हेकट' होतो. त्यामुळे 'उत्तम कल्चरच्या कंपन्या जास्त नफा कमावतात' असल्या याद्या मी फार मनावर घेत नाही.

पण एक उदाहरण असं आहे जिथे बाकीचं बरंच काही तेच राहिलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. संप, दांड्या, काढलेल्या गाड्यांमध्ये दोष, सगळंच होतं. १९८४ मध्ये टोयोटा आणि जीएमने भागीदारीत तो नुमी या नावाने पुन्हा चालू केला. बहुतेक कामगार जुनेच घेतले, युनियन तीच. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या तोडीला गेली आणि दांड्यांचं प्रमाण कोसळलं.

नुमीबद्दल सगळे सांगतात ते 'दोरी'चं. अडचण दिसली की कामगाराने डोक्यावरची दोरी ओढायची. ती ओढली की लाइन लगेच थांबते असा गैरसमज आहे. आधी दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढून लाइन चालू राहते. नाही सुटली, तरच तो भाग थांबतो. म्हणजे खरी यंत्रणा दोरी नाही, काही सेकंदांत येणारा आणि आल्यावर न खेकसणारा माणूस ही आहे. त्यासाठी चार-पाच कामगारांमागे एक मोकळा लीडर ठेवावा लागतो, आणि तो खर्च नफा-तोटा पत्रकात दिसतो. नुसती दोरी टांगणं स्वस्त असतं, म्हणून नक्कल करणारे तिथेच थांबतात. स्वतः जीएमला हे आपल्या इतर कारखान्यांत रुजवायला फार वर्षं लागली.

(नुमी २०१० मध्ये बंद झाला. त्याच इमारतीत आता टेस्लाच्या गाड्या बनतात.)

---

चहा_बिनसाखरेचा

वरच्या दोरीचं ऑफिसातलं रूप सांगतो. एकच आकडा मोजायचा असेल तर हा मोजा: वाईट बातमी वर पोचायला किती दिवस लागतात.

मागच्या वर्षातल्या पाच गडबडी निवडा. चुकलेली डिलिव्हरी, गेलेला ग्राहक, फुगलेलं बजेट, काहीही. प्रत्येकीसाठी दोन तारखा शोधा. एक, 'हे काही खरं नाही' अशा अर्थाचं वाक्य कोणत्याही मेलमध्ये किंवा चॅटमध्ये पहिल्यांदा कधी लिहिलं गेलं. दुसरी, ज्याच्या हातात निर्णय होता त्याला ते कधी कळलं. मधलं अंतर दिवसांत लिहा. दोन-तीन दिवस असेल तर ठीक. तीन आठवडे असेल तर कोणीतरी मधे अडलं आहे, आणि बहुतेक वेळा ती एकच पायरी असते. 'आधी मी बघतो, वर सांगू नकोस' म्हणणारी. तारखा काढताना नावं मात्र गाळा. ही शोधमोहीम गुन्हेगार पकडायला निघाली आहे असा वास आला, तर पुढच्या वेळी चॅटमध्ये कोणी काही लिहिणारच नाही आणि तुमचा आकडा छान दिसायला लागेल.

अंतर कमी करायला नियम लागतो, भाषण पुरत नाही. पॉल ओनील १९८७ मध्ये अल्कोआ या अमेरिकी ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा कामावर कोणाला इजा झाली की त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांत त्यांना कळवायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं, असा शिरस्ता त्यांनी घातला. २४ तासांत वरच्याला कळवायचं म्हणजे खालच्याने त्याला काही तासांत सांगितलेलं असलं पाहिजे. वरची एक मुदत खालच्या सगळ्या पायऱ्या मोकळ्या करते.

विमानवाहतुकीत दुसरा मार्ग आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक नोंदयंत्रणा चालवते. हेतू नसताना नियमभंग झाला आणि वैमानिकाने १० दिवसांत तो स्वतः कळवला, तर ठरावीक अटींवर शिक्षा माफ होते. गुन्हा आणि अपघात त्यातून वगळलेले आहेत. हे वगळणं महत्त्वाचं. 'आमच्याकडे कोणालाही दोष देत नाही' असं सरसकट म्हटलं की कोणी विश्वास ठेवत नाही. कशाला माफी आणि कशाला नाही, ते आधी लिहा.

एक सावधगिरी: हे चालू केल्यावर नोंदवलेल्या चुका वाढतील. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुका तपासल्या, तेव्हा ज्या टीम चांगल्या समजल्या जात होत्या त्यांच्याच चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. त्या लपवत नव्हत्या, हे कारण पुढे लक्षात आलं. पहिल्या तिमाहीचा वाढलेला आकडा बघून साहेब दचकले आणि 'चुका ३० टक्के कमी करा' असं टार्गेट लावलं, की नोंदी कमी होतील. चुका तेवढ्याच राहतील.

---

दशांश_चिन्ह

मोजण्याबद्दल आणखी थोडं, कारण इथे फसगत फार होते.

ॲट्रिशन म्हणजे वर्षभरात सोडून गेलेले भागिले सरासरी मनुष्यबळ, गुणिले १००. १२० जणांत १८ गेले म्हणजे १५ टक्के. चालेलसं वाटतं. पण त्या १८ पैकी ९ जण एकाच मॅनेजरच्या १४ जणांच्या टीममधले असतील, तर कंपनीचा १५ टक्के हा आकडा काहीच सांगत नाही, त्या टीमचा ६४ टक्के सगळं सांगतो. म्हणून मॅनेजरनिहाय काढा. शिवाय दोन वेगळे आकडे ठेवा: ९० दिवसांच्या आत गेलेले (इथे दोष बहुधा निवडीचा किंवा मुलाखतीत दाखवलेल्या स्वप्नाचा) आणि 'हा गेला ते वाईट झालं' असे गेलेले. दुसऱ्या यादीत कोण, हे राजीनामा येण्याआधी ठरवलेलं असावं. नंतर ठरवलं की सगळेच 'तसा काही फार उपयोगाचा नव्हता' होतात.

ते शून्य ते दहाचं 'इथे काम करायची शिफारस कराल का' प्रकरण छोट्या टीमवर लावू नका. त्यात ९-१० देणाऱ्यांच्या टक्क्यांतून ०-६ देणाऱ्यांचे टक्के वजा करतात. आठ जणांच्या टीममध्ये चार वर, दोन मधे, दोन खाली असतील तर +२५. त्यातल्या एकाचं ९ वरून ६ झालं की थेट शून्य. एका माणसाच्या एका वाईट सोमवारावर मॅनेजरचा बोनस ठरवू नका.

सर्व्हेत १०-१२ च प्रश्न ठेवा, आणि भावनेपेक्षा घडलेल्या गोष्टीचे. 'मला मोकळेपणाने बोलता येतं' यावर सगळे ४ देतात. त्याऐवजी: 'गेल्या महिन्यात मॅनेजरचं म्हणणं मला पटलं नाही आणि मी ते बैठकीत बोललो/बोलले': हो, नाही, प्रसंग आला नाही. पाचपेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचा निकाल दाखवायचा नाही. विभाग, वय, नोकरीची वर्षं असे फिल्टर एकावर एक लावले की निनावी माणसाला नाव फुटतं, तेही बंद. आणि निकाल आल्यापासून तीन आठवड्यांत दोन, फक्त दोन गोष्टी बदलून दाखवता येणार नसतील तर सर्व्हे घेऊच नका. पुढच्या वेळी उत्तरं निम्मी येतील.

एक्झिट इंटरव्ह्यू मॅनेजरने घ्यायचा नाही. शेवटचा हिशेब हातात पडेपर्यंत सगळे गोडच बोलतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एक फोन करा. 'का सोडलं' विचारलं की 'चांगली संधी' हेच उत्तर येणार. 'बाहेर पहिल्यांदा शोधायला कधी लागलात, आणि त्या आठवड्यात इथे काय घडलं होतं?' असं विचारा.

---

जमाखर्च

सगळ्यांचे आभार, फायलींचं काम उद्यापासूनच. दोन उपप्रश्न. दीड वर्षात ८० माणसं घेताना 'कल्चर फिट' कसा बघायचा? आणि सगळ्यात जास्त विक्री आणणारा माणूसच बाकीच्यांना तुडवत असेल तर? मालक म्हणतात, त्याला हात लावू नका.

---

तिसरी_घंटा

८० नाही. वर्षाला १५ टक्के गळती धरली तर दीड वर्षात १८ च्या आसपास जातील, म्हणजे भरती जवळपास १०० ची. आजच्या ४० पैकी तेव्हा तीसेक उरतील. १२० मध्ये चौघांत एकानेच जुनी पद्धत पाहिलेली असेल. 'बघून बघून शिकतील' हा मार्ग इथेच संपतो.

'फिट' हा शब्द फॉर्मवरून काढून टाका. मुलाखत घेणारा त्याचा अर्थ 'याच्याबरोबर चहा प्यायला आवडेल' असा घेतो आणि आपल्यासारखीच माणसं भरतो. प्रत्येक मूल्यासाठी घडलेल्या प्रसंगाचा एक प्रश्न ठरवा, सगळ्या उमेदवारांना तोच. सचोटीसाठी: 'तुमची एखादी चूक फक्त तुम्हालाच कळली होती असा प्रसंग सांगा. पहिल्या तासात काय केलंत?' उत्तरात तास, माणूस, शब्द येतात का ते बघा. 'मी नेहमी पारदर्शक राहतो' हे उत्तर नाही. गुण १ ते ४ मध्ये, म्हणजे मधल्या आकड्यात लपायला जागा राहत नाही. प्रत्येकाने चर्चेआधी गुण लिहून द्यायचे आणि वरिष्ठाने शेवटी बोलायचं. वरिष्ठ आधी बोलला की बाकीच्यांचे आकडे त्याच्याकडे सरकतात.

पण भरतीपेक्षा मोठा खड्डा टीम सांभाळणाऱ्या लीडचा आहे. आठ जणांमागे एक धरला तरी १५ लीड लागतील, आणि ते घाईघाईत चांगल्या काम करणाऱ्यांमधूनच उचलले जातात. दर पंधरवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास एकास-एक बोलणं म्हणजे आठ जणांचे चार तास, वर तयारी आणि पाठपुरावा. त्याचं स्वतःचं काम पूर्वीइतकंच ठेवलंत तर तो सगळ्यात आधी हेच अर्धे तास रद्द करणार. माझ्या मते स्वतःच्या कामातलं निदान एक तृतीयांश काढून घ्यायला हवं, आणि ते कोणाकडे जाणार हे प्रमोशनच्या पत्राआधी ठरलेलं हवं.

नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात मूल्यांचं प्रेझेंटेशन नको, एक पानी यादी द्या: कोणता निर्णय कोण घेतं. ग्राहकाला सवलत किती टक्क्यांपर्यंत कोण देऊ शकतं, खर्च कितीपर्यंत न विचारता, काम थांबवायचा अधिकार कोणाला. ही यादी लिहायला बसलात की मालक आणि मॅनेजर यांच्यात किती गोष्टी अजून ठरलेल्याच नाहीत ते बाहेर येतं.

---

उलटतपासणी

तुडवणाऱ्या विक्रेत्याबद्दल. मालकांशी वागणुकीवर वाद घालू नका, हराल. हिशेब मांडा, तो तुमचा प्रांत आहे. त्याच्या विक्रीतून हे वजा करा: त्याने परस्पर दिलेल्या आश्वासनांमुळे पुन्हा करावं लागलेलं काम (तास गुणिले दर), त्याच्यासोबत काम नको म्हणून बदली मागितलेले किंवा सोडून गेलेले, त्यांच्या जागी माणूस शोधून तयार करायचा खर्च, आणि वर्षाच्या आत सोडून गेलेले त्याचे ग्राहक. कधी कधी एवढं करूनही तो फायद्यातच निघतो. तेही प्रामाणिकपणे दाखवा, म्हणजे त्याला ठेवायची किंमत काय हे माहीत असून निर्णय होईल.

बोलण्याआधी एक काम: त्याच्या मोठ्या ग्राहकांशी दुसऱ्या माणसाचा संपर्क सुरू करा. हे न करता बोललात तर दुसऱ्या दिवशी तोच अटी घालेल.

मग बोलणं. 'ॲटिट्यूड' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, त्यावर तो तासभर वाद घालू शकतो. तारीख आणि वाक्य: '१२ तारखेच्या बैठकीत तुम्ही डिझाइनच्या बाईंचं बोलणं चार वेळा तोडलंत आणि "हे तुम्हाला कळायचं नाही" म्हणालात. हे पुन्हा होता कामा नये.' असे दोन-तीन प्रसंग पुरेत. लेखी द्या, ६० दिवस द्या, दर पंधरा दिवसांनी त्याच्यासोबत काम करणाऱ्या दोघांना विचारून त्याला कळवा. इन्सेन्टिव्हचा काही भाग काम नीट हस्तांतरित झाल्यावर आणि ग्राहक तीन महिने टिकल्यावरच मिळेल, असं करा. पण हा बदल सगळ्या विक्री टीमला लावा, एकट्याला नाही.

सगळ्यात वाईट तोडगा, आणि तोच सर्रास निघतो: त्याला शांत करायला मॅनेजर करणं.

---

जमाखर्च

शेवटचं. पोस्टरं काढू का?

---

चहा_बिनसाखरेचा

राहू देत, भिंत रिकामी दिसेल. पण प्रत्येक मूल्याखाली ते पाळताना काय सोडणार ते एका ओळीत लिहून घ्या. तुमच्या पाचांत 'ग्राहक प्रथम' आणि 'आमची माणसं प्रथम' ही दोन्ही असणार, बहुतेक ठिकाणी असतातच. सुटीच्या आदल्या रात्री दहा वाजता मोठ्या ग्राहकाचा फोन आला तर तो कोण उचलणार, कोणत्या कामासाठी उचलणार, आणि त्याबद्दल त्याला बदली सुटी कधी मिळणार, हे तिथे लिहिलंत तर पोस्टर कोणीतरी वाचेल.